गोड्या विहिरीसारखा माणूस

(वसई परिसरातील बागायतदारांच्या मेळाव्यात कृषिविद्या विभागातील अधिव्याख्यात्यांनी केलेले भाषण. वाचकांसाठी थोडे संपादित करून देत आहोत.)



मेळाव्याच्या संयोजकांनी मला 'वाडीतील विहीर आणि तिचे पाणी' या विषयावर बोलायला सांगितले आहे. पाण्यावर मी बोलणार आहेच. पण वसईत पाण्याचा विषय काढायचा आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव घ्यायचे नाही, हे योग्य होणार नाही. फादर २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. ते धर्मगुरू होते, साहित्यिक होते, संपादक होते. साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेला हा माणूस तुमच्या गावचा, तुमच्या वाटेवर भेटणारा होता. म्हणून आज थोडे त्यांच्याविषयी, थोडे विहिरीविषयी आणि थोडे आपल्या वागणुकीविषयी बोलते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे. तो दाखविण्याचा मी प्रयत्न करीन.

कोणी म्हणेल, शेतकी महाविद्यालयातील बाईंनी केळी-नारळावर बोलावे, माणसांवर कशाला? त्याचे उत्तर असे की, शेतीचे ज्ञान गावात पसरते ते माणसांमुळे. विद्यापीठाने शिफारस काढली, पत्रक छापले, तरी शेतकरी आधी शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारतो, "काय हो काका, हे करून पाहावे का?" तो काका नीट बोलला तर शिफारस शेतात उतरते. तो तुसडेपणाने बोलला तर पत्रक घडी घालून माळ्यावर जाते. मोठ्या माणसाने साध्या माणसाशी कसे वागावे, हा म्हणूनच आमच्या विस्तार कार्याचाही प्रश्न आहे.

नामवंत माणूस शेजारी राहतो तेव्हा

शहरात नामवंत माणूस दुरून दिसतो. त्याची गाडी दिसते, फोटो दिसतो. गावात तसे नसते. गावातला नामवंत माणूस लग्नात भेटतो, मयताला भेटतो, बाजारात भेटतो, स्टेशनवर गाडीची वाट पाहताना भेटतो. तेथे त्याचा मोठेपणा झाकून राहत नाही आणि त्याचा छोटेपणाही झाकून राहत नाही.

फादरांचा जन्म ४ डिसेंबर १९४२ रोजी वसई तालुक्यातील नंदाखाल गावी झाला. नंदाखाल आणि आगाशी म्हटले की आपल्याला राजेळी केळी आणि तिची सुकेळी आठवतात. वाड्या, विहिरी, बावखले आणि रहाट यांचा हा मुलूख. अशा गावातला मुलगा शिकून १९७२ साली धर्मगुरू झाला. १९८३ ते २००७ या काळात त्याने 'सुवार्ता' या मासिकाचे संपादन केले. 'ओअॅसिसच्या शोधात'सारखे प्रवासवर्णन लिहिले, बायबल सुबोध मराठीत आणले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा तो अध्यक्ष झाला. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. एवढे सगळे होऊनही वसईत त्यांची ओळख एका शब्दाची राहिली. हिंदू असो, ख्रिस्ती असो, सगळ्यांसाठी ते नुसते 'फादर'.

मी त्यांना जवळून ओळखत होते असे नाही. सभांमधून ऐकले, लेखनातून वाचले. सौम्य आवाज, संथ बोलणे, बोलण्यात ज्ञानोबा-तुकोबांचे दाखले. समोरचा श्रोता आपल्यापेक्षा कमी शिकलेला आहे हे त्याला जाणवू न देण्याची रीत. ही रीत शिकण्यासारखी आहे. मी शिक्षिका आहे आणि शेतकऱ्यांपुढे बोलते, म्हणून मला तिची किंमत विशेष वाटते. अवघड शब्द वापरून मोठे दिसणे सोपे असते. सोपे बोलून मोठे राहणे कठीण.

भेटता येणारा माणूस

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामाची नजर वळली. मुंबई वाढत होती, रेल्वे जवळ होती, जमीन सपाट होती. वाड्यांचे सौदे होऊ लागले. गोड्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. गुंडगिरी वाढली. १९९० मध्ये या उपप्रदेशासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले. त्या काळात 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली आणि फादरांनी तिचे नेतृत्व केले. तुमच्यातील अनेकांच्या घरातील माणसे त्या वेळी मोर्चात चालली असतील. त्या लढ्याचा सारा इतिहास मी येथे सांगत नाही. तो तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. मला त्यातील एकाच बाजूकडे लक्ष वेधायचे आहे.

विहिरीवर टँकर रात्री किती वाजता येतो, पंप किती तास चालतो, पाण्याची चव कधी बदलली, कोणाच्या केळीची पाने कडेने करपू लागली, या गोष्टी कोणत्याही सरकारी दप्तरात लिहिलेल्या नसतात. त्या आधी कळतात घागर भरणाऱ्या बाईला, पहाटे मोगरा खुडणाऱ्या माणसाला, पानमळ्याला पाणी देणाऱ्या गड्याला. ही माणसे अर्ज लिहीत नाहीत. ती कोणाला तरी सांगतात. कोणाला सांगतात? ज्याच्याकडे जायला छाती धडधडत नाही त्याला. जो आधी 'बसा' म्हणतो त्याला. जो आपले बोलणे मध्येच तोडत नाही आणि आपण सांगितलेले चार लोकांत आपल्याला हिणविण्यासाठी वापरत नाही त्याला.

म्हणून मी म्हणते, नामवंत माणसाचा चांगुलपणा हा केवळ शोभेचा नसतो. त्याच्यावर गावाची कामे अवलंबून असतात. दार उघडे असले तर बातमी आत येते. बातमी आली तर वेळेवर हालचाल करता येते. दार बंद असले तर मोठ्यात मोठ्या माणसालाही गावात काय चालले आहे ते शेवटी कळते आणि तोवर विहीर खारी झालेली असते.

विहीर खारी का होते?

येथे थोडे शास्त्र सांगते, कारण फादर आणि त्यांचे सहकारी टँकरविरुद्ध एवढ्या तळमळीने का उभे राहिले, हे त्यावरून समजेल.

आपली वसई समुद्र आणि खाडी यांच्या मध्ये आहे. पश्चिम पट्ट्यातील जमीन रेताड. पावसाचे पाणी तिच्यात लवकर मुरते. जमिनीखाली एका बाजूने समुद्राचे खारे पाणी आत येण्याचा प्रयत्न करीत असते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड असते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. या थोड्याशा फरकामुळे गोडे पाणी वर तरंगते आणि आपल्या वजनाने खाऱ्या पाण्याला खाली दाबून ठेवते.

याचे ढोबळ गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी राहू शकते. उलट बाजूने पाहा. उपसा करून आपण वरची पातळी कायमची अर्धा मीटर उतरविली, तर खालची गोड्या-खाऱ्याची सीमा कालांतराने सुमारे २० मीटर वर सरकू शकते. जमिनीच्या थरांप्रमाणे यात कमी-जास्त होईल, पण दिशा हीच. वर दिसते हातभर घट, खाली होतो मोठा बदल.

आपल्या वाडवडिलांना हे गणित ठाऊक नव्हते, पण त्याचे व्यवहारी उत्तर त्यांनी काढून ठेवले होते. ते उत्तर म्हणजे बावखल. वाड्यांच्या मध्ये खोदलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाळ्यात भरतात आणि ते पाणी आसपासच्या जमिनीत मुरते. दुसरे उत्तर म्हणजे रहाट. रहाटाला जनावर जुंपलेले असे. जनावर थकले की रहाट थांबे आणि विहिरीला विसावा मिळे. तेवढ्या वेळात झरे पुन्हा भरत. पंप थकत नाही. तो बटण बंद करीपर्यंत उपसत राहतो. म्हणून पंपाच्या काळात विसाव्याचा हिशेब माणसाने ठेवावा लागतो.

पिकांपैकी केळी हे खारेपणाला हळवे आहे. नारळ बराच सोसतो. पाणी खारट होऊ लागले की केळीच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात, वाढ खुंटते, घड लहान राहतो. अनेकदा शेतकरी त्याला खताची कमतरता समजतो आणि आणखी खत घालतो. रासायनिक खते हीही क्षारच असल्यामुळे त्रास वाढतो. आधी पाणी तपासावे.

सौजन्य म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे

चांगल्या माणसाविषयी बोलताना आपण एक गल्लत करतो. जो सर्वांशी गोड बोलतो तो कोणालाही नाही म्हणत नाही, असे आपण धरून चालतो. फादरांच्या बाबतीत तसे नव्हते. जमीन आणि पाणी यांच्या व्यवहारात ज्यांचे हितसंबंध होते, त्यांच्याविरुद्ध ते उघड बोलले. त्या काळात त्यांना धमक्याही आल्या. पुढे २०१९ मध्ये संमेलनाध्यक्ष म्हणून निवड झाल्यावर त्यांच्या धर्मावरून विरोध झाला, पुन्हा धमकीचे फोन आले. त्याला त्यांनी कटुतेने उत्तर दिले नाही आणि माघारही घेतली नाही. पाठदुखीने बेजार असताना ते उस्मानाबादला गेले आणि अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांनी पार पाडली.

त्या संमेलनाचे उद्घाटन कवी ना. धों. महानोर यांनी केले होते. महानोर म्हणजे पळसखेडचे शेतकरी. जन्म सप्टेंबर १९४२ चा, म्हणजे फादरांपेक्षा अवघे अडीच-तीन महिन्यांनी मोठे. उद्घाटनाला जाऊ नये म्हणून त्यांच्यावरही दडपण आणले गेले होते, तरी ते गेले. एक मराठवाड्याच्या कोरडवाहू शिवारातला, दुसरा वसईच्या बागायती पट्ट्यातला. एक शेतकरी, दुसरा धर्मगुरू. दोघे एका व्यासपीठावर बसले. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले, फादर त्यानंतर वर्षाच्या आतच. दोघांनाही पाण्याची आणि जमिनीची चिंता होती, आणि दोघांनाही लोक आपला माणूस समजत होते.

यातून आपण घ्यायचे ते असे. वागण्यात नम्रता आणि मुद्द्यात ठामपणा ही दोन्ही एका माणसात राहू शकतात. किंबहुना ज्याचे वागणे नम्र असते त्याच्या ठाम शब्दाला वजन येते. रोज ओरडणाऱ्याच्या ओरडण्याकडे कोणी लक्ष देत नाही.

शेतीतले नामवंत

आपल्या शेती क्षेत्रातही अशी माणसे झाली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहान गाव आहे. तेथले दादाजी खोब्रागडे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून आला तो बारीक दाण्याचा एच.एम.टी. भात. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला मिळाले. शेजारच्या शेतकऱ्यांना दादाजींनी बियाणे देऊ केले आणि वाण दूरवर पसरला. त्याचा पैसा मात्र बहुतांशी इतरांच्या पदरी पडला. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हा त्यांची परिस्थिती ओढगस्तीचीच होती. दिलदार माणसाकडून आपण किती घेतो आणि त्याला किती परत देतो, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने आपल्यापुढे ठेवला आहे.

दुसरे उदाहरण अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांचा संग्रह केला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेची एक अट प्रसिद्ध आहे. बियाणे घेऊन जा, पण पिकल्यावर दुप्पट परत आणून द्या. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. तीत दातृत्व आहे आणि हिशेबही आहे. अशा व्यवहारात घेणाऱ्याला मिंधेपणा वाटत नाही आणि देणाऱ्याची कणगीही रिकामी होत नाही.

मघाशी सांगितलेले विहिरीचे गणित येथे लावून पाहा. भले माणूसही उपशाने कोरडे पडते. नामवंत आणि मनमिळाऊ माणूस दिसला की आपण त्याला सत्काराला बोलावतो, फीत कापायला बोलावतो, शिफारसपत्र मागतो, आजारी असतानाही फोटोसाठी उभे करतो. तो नाही म्हणत नाही, म्हणून आपण मागत राहतो. रहाट गेला आणि पंप आला, तसे आता मोबाईलने झाले आहे. पूर्वी भेटायला चालत जावे लागे, त्यात त्या माणसाला विसावा मिळे. आता दिवसभर उपसा सुरू असतो. एके दिवशी तो माणूस त्रासून बोलतो आणि आपण म्हणतो, "मोठा झाला, आता ओळख दाखवत नाही." पाणी खारट का झाले याचा विचार विहिरीने करायचा नसतो, उपसणाऱ्याने करायचा असतो.

आपण काय करावे?

आता कामाच्या गोष्टी सांगते. आम्हा लोकांना मुद्दे घालून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिली बाजू, आपण एखाद्या नामवंत माणसाला भेटतो तेव्हा.

१) संकोच करू नये. नमस्कार करावा, नाव-गाव सांगावे आणि काम दोन वाक्यांत सांगावे. भला माणूस बाकीचे स्वतः विचारतो.

२) जेवताना, आजारपणात किंवा दुःखाच्या प्रसंगी काम काढू नये. त्या वेळी नमस्कार पुरेसा आहे.

३) फोटो हवाच असेल तर आधी विचारावे. फोटोपेक्षा आपल्या वाडीतली दोन केळी पुढे केली, तर त्यालाही बरे वाटते आणि बोलणेही सुरू होते.

४) खरी अडचण सांगावी. सत्काराचे निमंत्रण द्यायला सगळेच जातात. विहिरीची चव बदलली आहे हे सांगायला फार थोडे जातात.

५) काम झाले वा न झाले, जाऊन सांगावे. आपल्याकडे काम झाल्यावर कळविण्याची सवय कमी आहे. सल्ला देणाऱ्याला त्याचे फळ कळले तर पुढच्या माणसाला तो अधिक नेमका सल्ला देतो. राहीबाईंची दुप्पट परत करण्याची अट येथेही लागू आहे, असे समजा.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. या सभेत बसलेले तुमच्यापैकी अनेक जण आपापल्या आळीत नामवंतच आहात. कोणाला शेतीनिष्ठ म्हणून गौरविले गेले आहे, कोणाच्या सोनचाफ्याला दादरच्या बाजारात नाव आहे, कोणाची राजेळी पाहायला बाहेरगावचे लोक येतात. नवा मुलगा वाडीत हात घालतो तेव्हा त्याच्या दृष्टीने तुम्ही मोठी माणसे आहात. तो कुंपणाशी घुटमळतो. त्याला आत बोलावणे तुमच्या हातात आहे.

आमच्या शिवारफेऱ्यांत मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. एक बागायतदार आलेल्या लोकांना भरलेला घड दाखवतात आणि मुनव्यांचा भाव सांगतात. दुसरे एक काका आधी न जमलेली ओळ दाखवतात. "येथे मी पाणी जास्त दिले, म्हणून कंद सडले. तुम्ही असे करू नका," असे सांगतात आणि मग चांगली बाग दाखवतात. निघताना तलवारीसारख्या अरुंद पानांचे चार निरोगी मुनवे नवख्या मुलाच्या हाती देतात आणि पुढच्या वर्षी येऊन सांग म्हणून बजावतात. लोक पहिल्या बागायतदाराचे कौतुक करून घरी जातात. दुसऱ्याकडचे काहीतरी घेऊन जातात. आमच्या विभागाने कितीही प्रात्यक्षिके घेतली, तरी अशा एका काकांची बरोबरी होत नाही.

हे आम्हा अधिकारी-प्राध्यापकांनाही लागू आहे. शेतकरी कार्यालयाच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने आमच्या खुर्चीलाही एक मोठेपण असते. त्याला खुर्ची देणे, पाणी विचारणे आणि माती-पाणी तपासणीचा अहवाल त्याच्या भाषेत समजावून सांगणे, याला सरकारी मंजुरी लागत नाही.

तिसरी बाजू विहिरीची.

१) दरवर्षी मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी विहिरीच्या पाण्याची तपासणी करावी. पंप काही मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटलीत अर्धा ते एक लिटर नमुना घ्यावा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. नाव, गट क्रमांक, तारीख आणि पिके लिहून प्रयोगशाळेत द्यावी.

२) अहवालात विद्युतवाहकता पाहावी. ती ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर बहुतेक पिकांना काळजी नाही. ०.७५ ते २.२५ म्हणजे क्षार जास्त. निचरा चांगला हवा आणि केळीसारख्या हळव्या पिकावर लक्ष हवे. २.२५ च्या पुढे केळी, भाजी, फुले यांना ते पाणी देण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

३) एका वर्षाचा आकडा पुरेसा नाही. दरवर्षीचा आकडा वहीत लिहून ठेवावा. पाच वर्षांचे आकडे हाती असले म्हणजे कोणत्याही कार्यालयात तुमच्या बोलण्याला वजन येते.

४) पंपाला विसावा द्यावा. एकदम उपसा न करता थोडा थोडा, अंतर ठेवून करावा. ठिबक वापरावे. नारळाच्या आळ्यात सोडणे पुरावीत, केळीच्या बुंध्याशी पाल्याचे आच्छादन करावे, म्हणजे पाण्याची गरज कमी होते.

५) बावखल बुजवू नये. गाळ काढावा, काठ सांभाळावा, सांडपाणी आत जाऊ देऊ नये. बावखलाच्या जागेची किंमत गुंठ्यावर काढली तर ती बुजवावीशी वाटेल. तिच्यावर किती विहिरी गोड्या राहतात, हे धरून किंमत काढा.

शेवटी

बंधू-भगिनींनो, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. इमारती आल्या आहेत आणि येत राहतील. तुमच्यापैकी काहींच्या मुलांनी वाडी विकायचे मनात आणले असेल. त्यांना दोष देण्यासाठी मी येथे आलेले नाही. वाडीतून घर चालले पाहिजे, तरच वाडी राहील, हे मी रोज विद्यार्थ्यांना शिकवते. पण जी वाडी राहणार आहे, तिची विहीर गोडी राहिली पाहिजे. एकट्याच्या विहिरीची काळजी एकट्याने घेऊन हे होत नाही, कारण जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. शेजाऱ्याच्या पंपाचा परिणाम तुमच्या झऱ्यावर होतो.

म्हणजे शेजाऱ्याशी बोलावे लागणार. त्याला न दुखवता, पण स्पष्ट सांगावे लागणार. पूर्वी अशा वेळी लोक फादरांकडे पाहत. आता फादर नाहीत. त्यांच्या आत्मकथनाचे नाव आहे 'नाही मी एकला'. एकट्या माणसाच्या खांद्यावर गावाचे ओझे टाकून आपण मोकळे व्हायचे नसते, असा अर्थ मी त्या नावातून माझ्यापुरता घेते. एका मोठ्या विहिरीवर सारे गाव पाणी भरत असेल आणि ती आटली, तर शहाणे गाव वाडीवाडीतील लहान विहिरींचा गाळ काढायला घेते. तसे प्रत्येक आळीत एक तरी घर असे असू द्या की, ज्याच्या दारात नवखा शेतकरी, शेजारची बाई, तालुक्याहून आलेला मुलगा न घाबरता उभा राहील आणि आतून 'या, बसा' असा आवाज येईल.

तुमच्यापैकी ज्यांना पाण्याचे नमुने द्यायचे आहेत, त्यांच्यासाठी बाटल्या आणि कोरी लेबले बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. शंका असतील त्या जरूर विचाराव्यात. कोणतीही शंका लहान समजू नये.